गळकी टाकी, कुर्ल्याची फियाट

कुर्ला पश्चिमेला प्रीमियर ऑटोमोबाइल्स रोड आहे. प्रीमियर ऑटोमोबाइल्स मात्र नाही. कारखान्याच्या जमिनीवर आता कोहिनूर सिटी आणि आजूबाजूचे टॉवर उभे आहेत. त्याच रस्त्याने डॉन बॉस्कोच्या इंजिनिअरिंग कॉलेजात जाणाऱ्या पोरांना रस्त्याचं नाव कशावरून पडलं हे सांगावं लागतं. सांगणारे पुष्कळ आहेत. इथे बनलेल्या फियाटवर, पद्मिनीवर, काळ्या-पिवळ्या टॅक्सीवर आजवर भरपूर लिहून झालंय. मला त्या गाडीच्या एकाच भागाबद्दल लिहायचंय: पेट्रोलची टाकी. आणि ती गळायला लागली की ती दुरुस्त करून देणाऱ्या धंद्याबद्दल.

मी सरकारी आयटीआयमध्ये पत्राकाम शिकवलं आणि तिथूनच निवृत्त झालो. राहायला घाटकोपरच्या पंतनगरात. घरची पद्मिनी १९८४ सालची, अजून रस्त्यावर आहे. दर पाच वर्षांनी तिची नोंदणी नव्याने करून घेतो, ग्रीन टॅक्स भरतो आणि घरच्यांचं ऐकून घेतो. मुंबईच्या उपनगरांत गाड्या चाळीस-चाळीस वर्षं चालल्या, त्याचं श्रेय लोक कारखान्याला देतात. माझ्या मते निम्मं श्रेय डाग देणाऱ्यांचं, म्हणजे कथलाने पत्रा सांधणाऱ्यांचं आहे, आणि त्यांचा इतिहास कुणी लिहून ठेवलेला नाही.

आधी कारखान्याचं थोडक्यात. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली. १९४७ मध्ये कुर्ल्यात क्रायस्लरच्या डॉज, प्लिमथ गाड्यांची जोडणी सुरू झाली. त्याआधी मुंबईत परदेशी कंपन्याच सुटे भाग आणून गाड्या जोडत. जनरल मोटर्सचा शिवडीचा कारखाना १९२८ पासून होता. पुढे सरकारने स्पष्ट केलं की नुसती जोडणी चालणार नाही, गाडी इथेच बनवावी लागेल. शिवडीचा कारखाना बंद झाला. प्रीमियरने इटलीतल्या तुरीनच्या फियाटचा हात धरला आणि १९५४ मध्ये फियाट ११०० आणली. गोल पाठीची, पुढचे दरवाजे उलटे उघडणारी ही गाडी. मुंबईने तिला नाव दिलं ‘डुक्कर फियाट’, आणि तिच्या मालकांनाही त्यात काही वावगं वाटलं नाही. ती रस्त्यावर आली तेव्हा वालचंद हयात नव्हते. ते १९५३ मध्येच गेले. १९६४ मध्ये चौकोनी अंगाची ११०० डिलाइट आली, १९७२ मध्ये तीच प्रीमियर प्रेसिडेंट झाली आणि १९७४ मध्ये प्रीमियर पद्मिनी. गाडी मात्र मुळात १९६४ चीच, १०८९ सीसीची.

एकटा कुर्लाच नव्हे, जुना आग्रा रोड, म्हणजे आताचा एलबीएस मार्ग, पुढे मुलुंडपर्यंत असाच होता. कुर्ल्यात तुरीनची फियाट. भांडुपला सिएटचे टायर, ती कंपनीही मूळची तुरीनचीच. भांडुपलाच ऑटोमोबाइल प्रॉडक्ट्स ऑफ इंडियाची लॅम्ब्रेटा, ती मिलानची. पश्चिमेकडे कांदिवलीला महिंद्रची जीप, ती अमेरिकन. या सगळ्या वाहनांना पत्र्याच्या टाक्या होत्या आणि त्या सगळ्या कधी ना कधी गळायच्या. जीपची टाकी तर ड्रायव्हरच्या सीटखाली असे. तिथे गळती लागली की वास आधी ड्रायव्हरला यायचा, त्यामुळे जीपवाला दुरुस्तीला लवकर येई. फियाटची टाकी मागच्या अंगाला. तिथला वास आधी मागून येणाऱ्याला लागे, मालकाला सगळ्यात शेवटी.

आता टाकी फुटली की नवी का नाही बसवायची, हा आजच्या वाचकाचा प्रश्न रास्त आहे. त्या काळात गाड्या बनवण्याचे परवाने मोजक्या कंपन्यांकडे होते. गाडीसाठी नाव नोंदवून वर्षानुवर्षं थांबावं लागे. सुट्या भागांची तीच गत. नवी टाकी मिळाली तर मिळाली, नाहीतर कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरच्या भंगारवाल्यांकडे अपघातातल्या गाडीची टाकी हुडकायची. ती मिळाली तरी आतून किती गंजलीय ते घरी आणल्यावर कळणार. त्यापेक्षा आपल्या टाकीला डाग देऊन घेणं स्वस्त आणि खात्रीचं. टॅक्सीवाल्याला तर टाकी घेऊन आठ दिवस थांबणं शक्यच नव्हतं. सकाळी उतरवलेली टाकी संध्याकाळी चढली पाहिजे, कारण रात्रपाळीचा ड्रायव्हर येऊन उभा राहणार.

टाकी दिसायला साधी. दाबून आकार दिलेले पत्र्याचे दोन अर्धे, कडा जुळवून चहूबाजूंनी शिवण. पत्रा पोलादाचा, जाडी मिलिमीटरच्या आतबाहेर. त्या काळातल्या टाक्यांच्या पत्र्यावर शिसं आणि कथील यांच्या मिश्रणाचा पातळ मुलामा असे. त्याने गंज थोपला जाई आणि डागही झटकन धरे. म्हणजे टाकी बनवणाऱ्याने नकळत दुरुस्ती करणाऱ्याची सोय करून ठेवली होती.

गळतीच्या जागा ठरलेल्या. एक, तळाचा नट, जिथून टाकी रिकामी करतात. तो वारंवार आवळून त्याच्या भोवतालचा डाग सुटतो. दोन, पेट्रोल बाहेर नेणारी नळी जिथे टाकीला जोडलेली असते ती जागा. गाडीच्या थरथरीने तिथे तडा जातो. तीन, टाकी बांधून ठेवणारा पट्टा, त्याच्याखाली चिखल आणि ओल अडकून पत्रा बाहेरून सडतो. आणि चौथी, सगळ्यात मोठी, टाकीचा तळ. तो आतून सडतो.

तळ आतून सडण्याचं कारण मुंबईच्या हवेत आहे आणि मुंबईच्या खिशातही. टॅक्सीवाला टाकी कधी भरत नसे. धंदा होईल तसं पन्नासचं, शंभरचं पेट्रोल टाकायचा. मध्यमवर्गीय मालकही महिनाअखेरीला तेच करायचा. टाकी कायम तीन हिस्से रिकामी, आणि त्या रिकाम्या जागेत खाडीवरून आलेली दमट हवा. रात्री पत्रा गार झाला की आतल्या बाजूला पाणी धरतं. पाणी पेट्रोलपेक्षा जड, ते ओघळून तळाशी बसतं आणि मुलामा जिथे खरवडला गेला असेल तिथे गंज सुरू होतो. आम्ही पोरांना टाकी कापून आतली बाजू दाखवायचो. वरचा अर्धा नव्यासारखा, खालच्या अर्ध्यात एका ठरावीक रेघेच्या खाली तांबडी पूड. तळाशी पाणी किती साठत असे, ते त्या रेघेवरून सांगता यायचं.

हे काम करणारे लोक मोटारीच्या धंद्यातून आलेले नव्हते. भांड्यांना कल्हई करणारे, पत्र्याचे डबे आणि कंदील सांधणारे, रॉकेलच्या स्टोव्हची टाकी झाळून देणारे, असे कारागीर मुंबईत मोटारीच्या आधीपासून होते. कथील, नवसागर, कोळशाची शेगडी आणि हवेचा भाता, एवढ्या सामानावर त्यांचं घर चाले. घराघरांत स्टील आलं तशी कल्हई मागे पडली, गॅस आला तसा स्टोव्ह गेला. मोटारीचा रेडिएटर मात्र तांब्या-पितळेचा होता आणि त्याला डागच लागे. त्यामुळे यातले बरेच जण रेडिएटरवाले झाले, आणि रेडिएटरवाल्याकडे पेट्रोलची टाकी आपोआप आली. आजही जुन्या माणसाला टाकी गळते म्हणून सांगितलंत तर तो तुम्हाला वेल्डरकडे पाठवणार नाही, रेडिएटरवाल्याकडे पाठवेल.

दुसरा ओघ कारखान्यातून आला. आमच्या पंतनगरात आणि कुर्ल्याच्या चाळींत प्रीमियरमध्ये कामाला असलेली माणसं बरीच. कामगारनेते डॉ. दत्ता सामंतांचा दवाखाना पंतनगरातच होता. त्यांच्या नेतृत्वाखाली सत्तरच्या दशकाच्या अखेरीला प्रीमियरच्या कामगारांनी मिळवलेली पगारवाढ गाजली. संप, टाळेबंदी, मग स्वेच्छानिवृत्ती, या प्रत्येक वेळी काही हात कारखान्याच्या गेटबाहेर पडले आणि आसपासच्या गल्ल्यांत रुजले. असल्फा, साकीनाका, अंधेरी-कुर्ला रोड, जोगेश्वरी, मुलुंड चेकनाका, जिथे पत्र्याची शेड भाड्याने मिळेल तिथे. कारखान्यात ज्याने पंधरा वर्षं फियाटचीच टाकी चढवली त्याला ती काढायला पाना शोधावा लागत नसे. मात्र डाग द्यायला तो रेडिएटरवाल्याकडेच जाई. एक मराठी फिटर आणि एक उत्तर प्रदेशातला मुसलमान डागवाला, अशी जोडी मी अनेक ठिकाणी पाहिली. बोलणं आपलं बंबईया हिंदीत, हिशेब महिनाअखेरीला.

असल्फ्याच्या उतारावर असेच एक उस्ताद होते. माझ्या वर्गातल्या पोरांना मी मुद्दाम त्यांच्याकडे घेऊन जात असे, कारण आमच्या अभ्यासक्रमात डाग देणं होतं, पण पेट्रोलची टाकी नव्हती. त्यांचं काम जवळून पाहिलंय, म्हणून नीट सांगतो.

आधी बॅटरीची तार सोडायची. टाकीचा नट काढून पेट्रोल कॅनमध्ये घ्यायचं आणि तो कॅन शेडच्या बाहेर, रस्त्यापलीकडे. मग फ्लोट, नळी, पट्टे सोडून टाकी उतरवायची. इथून पुढे घाई करणाऱ्याला ते दुकानात उभंच करत नसत. टाकीत कढत पाणी आणि धुण्याचा सोडा भरायचा, हलवायची, ओतायची, पुन्हा भरायची. ओतलेल्या पाण्यावर तेलाचा तवंग दिसतोय तोवर धुणं चालू. मग सगळी भोकं उघडी ठेवून ती उन्हात पालथी घालायची. पावसाळ्यात हे काम दुसऱ्या दिवसावर जायचं. शेवटी उस्ताद टाकीच्या तोंडाशी नाक नेत. नंतर टाकी अशी टेकवायची की गळतीची जागा सगळ्यात वर येईल, आणि त्या जागेच्या जरा खालपर्यंत आत पाणी भरायचं. म्हणजे आत वाफ साठायला जागाच उरत नाही.

मग खरा डाग. गंज घासून पत्रा चकचकीत करायचा, नुसत्या भोकापुरता नाही, भोवती दोन बोटं रुंद. त्यावर जस्त टाकून मारलेलं तेजाब ब्रशने लावायचं. तांब्याचं जड टोक शेगडीत लांब कोपऱ्यात तापवायचं आणि हातात धरून टाकीपाशी आणायचं. शेगडी टाकीपाशी आणायची नाही. आधी त्या जागेला कथलाचा पातळ हात फिरवायचा. बारीक भोक असेल तर त्यावरच डाग. मोठं असेल तर तेलाच्या डब्याच्या पत्र्याचा तुकडा कापून, त्यालाही एका बाजूने कथील लावून वर ठेवायचा आणि टोक दाबून धरायचं. कथील दोन्ही पत्र्यांच्या मधून वाहत कडेने बाहेर डोकावलं की डाग बसला. तेजाब राहिलं तर तेच पुढे पत्रा खातं, म्हणून सोड्याच्या पाण्याने पुन्हा धुणं. शेवटी भोकं बुचांनी बंद करून सायकलच्या पंपाने थोडी हवा भरायची आणि साबणाचा फेस लावून बुडबुडे बघायचे. हवा थोडीच. जास्त मारली तर टाकी फुगते आणि शिवणी सुटतात.

या सगळ्यात निम्म्याहून जास्त वेळ धुण्यात गेलेला दिसेल. त्याला कारण आहे. पेट्रोल शून्याखाली साधारण चाळीस अंशांनाही पेट घेण्याइतकी वाफ सोडतं, म्हणजे मुंबईत ते बाराही महिने वाफ सोडतंच. ही वाफ हवेपेक्षा जड, त्यामुळे टाकीत बसून राहते. हवेत तिचं प्रमाण साधारण दीड ते साडेसात टक्के असलं तर ठिणगीने स्फोट होतो. भरलेल्या टाकीत हवाच नसते, तिथे वाफ फार दाट असते. रिकाम्या टाकीत मात्र हे प्रमाण नेमकं जमून येतं. चाळीस लिटरच्या टाकीत चहाचा एक चमचा पेट्रोल राहिलं तरी तेवढं पुरतं. शिवणीच्या फटीत आणि गंजाच्या पुडीत एवढं पेट्रोल सहज लपतं आणि टाकी तापली की बाहेर येतं. उस्ताद पोरांना एकच वाक्य ऐकवत, “पेट्रोल से मत डरो, उसकी हवा से डरो.”

ऐंशीच्या दशकापर्यंत गल्लोगल्ली गॅसचं वेल्डिंग आलं आणि काही जणांनी टाकीवरही ज्योत धरायला सुरुवात केली. काम झटपट होतं, गिऱ्हाईकाला ठिणग्या दिसतात, पैसे वसूल झाल्यासारखे वाटतात. पण शिसं-कथलाचा डाग १८३ अंशांपासून वितळू लागतो, पितळेच्या डागाला नऊशेच्या आसपास अंश लागतात आणि वेल्डिंगला त्याहून कितीतरी जास्त. एवढ्या उष्णतेने पातळ पत्रा वेडावाकडा होतो आणि आतला मुलामा भोवतालून जळून जातो. ज्या जागी दुरुस्ती केली तिच्याच शेजारी पुढच्या दोन पावसाळ्यांत नवं भोक पडतं. लांब शिवण फाटली असेल तर वेल्डिंगला पर्याय नाही, हे मान्य. सुईएवढ्या भोकासाठी ज्योत लावणं मात्र अडाणीपणा, आणि न धुतलेल्या टाकीला लावणं म्हणजे जिवाशी खेळ.

उस्तादांकडे पोहोचेपर्यंत काय करायचं, याचंही एक शास्त्र होतं आणि ते प्रत्येक टॅक्सीवाल्याला येत होतं. कपडे धुण्याचा साबण. ओलावून मऊ केलेला साबण गळतीच्या जागी दाबून भरायचा. साबण पेट्रोलमध्ये विरघळत नाही, त्यामुळे तो दिवसच्या दिवस टिकतो. पाण्यात मात्र विरघळतो. म्हणून हा उपाय दिवाळीपासून मेअखेरपर्यंत चाले आणि मृगाचा पहिला जोरदार पाऊस पडला की साबणावर चाललेल्या सगळ्या टाक्या एकदम गळू लागत. जूनच्या दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात रेडिएटरवाल्यांकडे टाक्यांची रांग लागायची ती यामुळे. पुढे एम-सील आलं. दोन रंगांच्या कांड्या मळून लावायच्या, तासाभरात दगड. पाण्यालाही दाद देत नाही. पण पत्रा कोरडा आणि स्वच्छ असेल तरच ते धरतं, आणि गळत्या टाकीचा पत्रा कोरडा असणार कसा? त्यामुळे बहुतेक ठिकाणी एम-सीलच्या खाली आधी साबण सापडायचा. उस्ताद तो थर खरवडताना हसायचे. गिऱ्हाईकाने किती महिने दुरुस्ती टाळली याचा पुरावाच तो.

टाकीच्या धंद्याला पहिला धक्का बसला तो सीएनजीचा. १९९५ मध्ये महानगर गॅस स्थापन झाली. मुंबईच्या धुराबद्दल उच्च न्यायालयात १९९९ साली जनहित याचिका आली, आणि त्यात झालेल्या आदेशांनी २००० नंतर जुन्या टॅक्सींना सीएनजीवर जावं लागलं. डिकीत सिलिंडर आला आणि पेट्रोलची टाकी नावापुरती उरली. सकाळी गाडी सुरू करण्यापुरतं दोन-तीन लिटर पेट्रोल तळाशी पडून राहायचं, शिळं व्हायचं, पाणी धरायचं. टाक्या पूर्वीपेक्षा लवकर सडू लागल्या, पण दुरुस्तीला येईनात. टॅक्सीवाला नळी बंद करून मोकळा व्हायचा.

मग २६ जुलै २००५. सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. मिठी नदी कुर्ला-कलिन्यात घराघरांत शिरली आणि हजारो गाड्या छपरापर्यंत बुडाल्या. त्यानंतर कित्येक आठवडे डागवाल्यांना उसंत नव्हती. टाक्यांत पेट्रोल कमी आणि मिठीचा गाळ जास्त. विम्याचा सर्व्हेयर नव्या गाड्यांकडे बघायला येई. जुन्या फियाटचा मालक टाकी रिक्षात घालून स्वतः आणून देई. असल्फ्याच्या उतारावर त्या ऑगस्टमध्ये टाक्यांची रांग शेडबाहेर गेलेली मी पाहिली. एवढी रांग नंतर कधी लागली नाही.

तोवर कुर्ल्याचं उत्पादन थांबलं होतं. मारुती ८०० डिसेंबर १९८३ मध्ये आली तेव्हाच वारं फिरलं होतं. पद्मिनी २००० च्या सुमारास बंद पडली. टॅक्सी म्हणून शेवटच्या पद्मिनीची नोंद ताडदेवच्या आरटीओत ऑक्टोबर २००३ मध्ये झाली आणि वीस वर्षांच्या मर्यादेने ती ३० ऑक्टोबर २०२३ पासून टॅक्सीच्या धंद्यातून बाद झाली. दरम्यान नव्या गाड्यांत प्लॅस्टिकच्या टाक्या आल्या. त्या गंजत नाहीत, हे मोठंच सुख. फुटल्या की मात्र फेकायच्या. इंजेक्शनच्या गाड्यांत पंपही टाकीच्या आतच असतो, त्यामुळे मेकॅनिक टाकीला हात लावायला नाखूश असतो. रेडिएटरही ॲल्युमिनियमचे झाले, त्यांना कथलाचा डाग चालत नाही. डागवाल्याची दोन्ही गिऱ्हाइकं एकदम गेली.

आणि अशा वेळी जुन्या टाक्यांवर नवं संकट आलंय. २०२३ पासून पंपांवर वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल येऊ लागलं आणि दोन वर्षांत तेच सगळीकडे झालं. इथेनॉल पाणी ओढून घेतं. पाणी फार झालं की दोघं मिळून पेट्रोलपासून वेगळी होतात आणि तळाशी जाऊन बसतात. शिसं-कथलाच्या जुन्या मुलाम्याला हे मिश्रण मानवत नाही, जुन्या रबरी नळ्यांनाही नाही. ज्या गाड्या या इंधनासाठी बनवल्याच नाहीत त्यांच्या मालकांनी काय करायचं, याचं उत्तर पंपावर मिळत नाही. गंमत अशी, की इथेनॉल येतं ते बव्हंशी आपल्याकडच्या उसापासून आणि धान्यापासून. मालेगावजवळचं रावळगाव आणि इंदापूरजवळचं वालचंदनगर ही साखरेची गावं वसवणारे वालचंद, आणि कुर्ल्याची मोटार काढणारेही वालचंदच. त्यांच्या एका धंद्याचा वंशज आता दुसऱ्या धंद्याची शेवटची निशाणी कुरतडतोय. यात कुणाचा दोष आहे असं मी म्हणत नाही. इथेनॉलने परकीय चलन वाचतं आणि शेतकऱ्याला दोन पैसे मिळतात. पण जुनी टाकी आता पूर्वीपेक्षा लवकर गळणार, आणि तिला डाग देणारा पूर्वीपेक्षा मुश्किलीने सापडणार, हे खरं आहे.

जुन्या गाड्या हल्ली हौसेने सांभाळल्या जातात, त्यांच्या रॅली निघतात, रंग-क्रोमवर लाखो खर्च होतात. त्यातल्या एका तरी हौशी माणसाने आपल्या डागवाल्याचं काम सुरुवातीपासून शेवटपर्यंत मोबाइलवर टिपून ठेवावं, अशी माझी मागणी आहे. आयटीआयच्या पत्राकामात टाकी धुणं आणि तपासणं हा एक पाठ असायला हवा, हे मी नोकरीत असताना लिहून दिलं होतं, आजही म्हणतो. गाड्या संपल्या तरी टाक्या संपणार नाहीत. जनरेटरला आहेत, शेतातल्या पंपाला आहेत, होड्यांना आहेत.

आणि ज्यांच्याकडे अजून पत्र्याच्या टाकीची गाडी आहे त्यांना एवढंच सांगणं. टाकी शक्यतो भरलेली ठेवा, गाडी महिनोन् महिने उभी ठेवू नका, पावसाळ्याआधी तळाचा नट सोडून पाणी काढा. पेट्रोलचा वास आला तर गाडी बंद पार्किंगमध्ये ठेवू नका. साबण लावाल तर तो दुकान गाठण्यापुरता. आणि दुकानात गेल्यावर पैशांचं विचारण्याआधी टाकी धुवायला किती वेळ लागेल ते विचारा. “धुवायची काय गरज?” असं उत्तर आलं, तर टाकी उचला आणि दुसरं दुकान बघा.